आपसूक येणारं टपाल

मोप्याच्या सड्यावर विमानतळ नव्हता तेव्हाची गोष्ट. तेव्हा त्या उघड्या पठारावर जांभा दगड होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, चार चुकार गुरं असत आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पुरसोभाई असत. एका उंचशा खडकावर उभे, डावा हात कमरेवर, उजवा हात सरळ आभाळाकडे आणि त्या हातात तळव्याएवढी काळी डबी. हरमलला उतरलेले गोरे पाहुणे भाड्याच्या मोटरसायकली उडवत कधीमधी तिकडे भरकटत. असंच एक जोडपं एकदा थांबलं, बराच वेळ भाईंकडे बघत राहिलं आणि मग शेजारच्या खडकावर चढून दोघांनीही हात वर करून डोळे मिटले. भाईंनी हात न हलवता फक्त मान वळवली आणि सांगितलं, "नो योगा. मेल."

पुरसोभाई माझे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक दगडी गडगा आणि एक फणस. फणस कोणाचा हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे फणस दोघेही खातो. मी गावच्या शाळेत मास्तर आणि भाई डिचोलीला एका खाण कंपनीच्या कचेरीत आवक-जावक विभागाचे मुख्य कारकून. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "अर्ज आयलो ना."

कंपनीचा माल बार्जीतून बंदरावर जाई आणि तिथून बोटीत चढे. त्या बोटींच्या एजंटांचे ईमेल वेळी-अवेळी येत आणि त्यांना ताबडतोब उत्तर देणारा कोणीतरी जबाबदार माणूस हवा होता. म्हणून कंपनीने भाईंना ती डबी दिली. तांदळाच्या दाण्याएवढी बटणं, कोपऱ्यात एक लाल दिवा, पट्ट्याला अडकवायला चामड्याची पिशवी. पणजीहून एक टाय लावलेला मुलगा येऊन अर्धा दिवस शिकवून गेला. त्याने शिकवलेल्यातली एक गोष्ट भाईंच्या डोक्यात पक्की बसली, आणि ती त्यांनी बसस्टॉपपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे सांगितली.

"पयलीं कशें आसलें? मेल आयला काय ना, तें आमी वचून पळोवपाचें. आतां हें पुश मेल. मेल आपसूक येता! हाडूंक वचपाची गरजच ना!"

अडचण एवढीच होती की आमचं गाव सड्याच्या खाली खोलगट जागेत आहे आणि रेंज सड्याची कड उतरून खाली येत नसे. डिचोलीच्या कचेरीत डबी दिवसभर किणकिणायची, गावात शिरली की मुकी. त्यामुळे आपसूक येणारी मेल घ्यायला भाई रोज संध्याकाळी चार किलोमीटर चढ चढून स्कूटरने मोप्याला जात. रविवारी दोनदा.

मला गप्प बसवेना. मी विचारलं, "भाई, आपसूक येते तर तुम्ही आणायला कशाला जाता?"

भाईंनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. "मास्तर, पावसाचें उदक आपसूक पडटा न्हय? तरी पागोळेखाला कळशी दवरूंक जाय काय नाका?"

 मी शाळेत भूगोल शिकवतो, पण पागोळीखालची कळशी माझ्या पुस्तकात नव्हती.

भाईंची सगळी हयात आवक-जावकमध्ये गेलेली. आलेल्या कागदाची पोच त्याच दिवशी गेली पाहिजे, हा त्यांचा धर्म. चतुर्थीला उकडीच्या मोदकांचं ताट शेजाऱ्याकडे पाठवलं तर ताट रिकामं परत येत नाही, मग कागदाने काय घोडं मारलंय, असं ते म्हणत. आता डबी हातात आल्यावर या धर्माला धार आली. कोणतीही मेल आली की एका मिनिटात भाईंचं इंग्रजीतलं उत्तर जाई, "रिसीव्हड विथ थँक्स." कोणतीही म्हणजे कोणतीही. तुम्हाला परदेशी लॉटरी लागली आहे, अशी मेल आली तेव्हाही भाईंनी आभार मानून कळवलं की, आपण तिकीट घेतलेलं नाही, तरी खऱ्या मालकाचा शोध घ्यावा. पुढच्या महिन्यात तीच मेल पुन्हा तीनदा आली. भाई हळहळले. "बिचाऱ्याक मालक मेळूंक ना अजून."

एका रविवारी मात्र कहर झाला. जपानकडच्या कुठल्याशा जहाज कंपनीच्या साहेबांना भाईंनी एक पोच पाठवली. तत्काळ उत्तर आलं, 'मी रजेवर आहे, सोमवारी परत येईन.' भाईंनी लिहिलं, रिसीव्हड विथ थँक्स. लगेच उत्तर, मी रजेवर आहे. भाईंनी पुन्हा पोच दिली. मी सड्यावर फिरायला गेलो होतो, मी डोळ्यांनी बघितलं. खडकावर भाई, हात वर, टिंग झालं की हात खाली, टकटक, हात पुन्हा वर. घामाघूम झाले होते. चाळीस पत्रं तरी झाली असतील.

"मास्तर, मनीस पळय कसो! रजेर आसा, तरी एक पत्र जापेबगर सोडिना. आमच्या कचेरीत कामार आशिल्लीं उत्तर दिनात!"

शेवटी त्या सभ्यतेपुढे भाईंनीच हार मानली. 'आपण कृपया विश्रांती घ्यावी, मी आता लिहिणार नाही,' असं कळवलं. त्यालाही उत्तर आलं, मी रजेवर आहे. ही उत्तरं यंत्र आपली आपण पाठवतं, हे मला माझ्या भाच्याने नंतर सांगितलं. भाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या मनात जपान या देशाबद्दल जो आदर बसला आहे तो मी कशाला काढू?

आता असा माणूस गावात असला की गाव त्याचा उपयोग करणारच. आमच्याकडे घरटी एक माणूस बोटीवर, नाहीतर आखातात, नाहीतर इंग्लंडात. पत्र यायला महिना, फोनची लाईन पावसात बंद. आधी शेवंतीकाकीच्या विश्वासने बोटीवरून भाईंच्या पत्त्यावर मेल घातली. मग बाकीच्यांनी. बघता बघता साऱ्या गावाचा पत्ता एकच झाला.

कंपनीच्या डबीवर गावाचं टपाल, हे नियमात बसतं का, असा प्रश्न भाईंना पडला होता. त्यांनी साहेबांना तसं लेखी विचारलं. साहेबांनी बहुधा न वाचताच 'ठीक आहे' म्हणून कळवलं. भाईंनी त्याची पोच दिली आणि मग स्वतःचे नियम केले. मेलच्या विषयात घराचं नाव हवं: 'शेवंती काकीक', 'पंचाच्या घरा'. मेल घरधन्यासमोरच उघडायची, आधी नाही. दुसऱ्याचं पत्र वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. सड्यावर मेल डबीत पडली की भाई स्कूटर वळवत आणि दारोदार फिरत. घरात कोणी नसेल तर सोप्यावर बसून राहत. माणूस आला की चप्पल काढून, डबी दोन्ही हातांत धरून, 'तुमची मेल आयल्या' असं गंभीरपणे जाहीर करून मगच उघडत.

विश्वासची बायको नवीन. विश्वास तिला जे लिही ते सगळ्यांसमोर वाचण्याजोगं नसे. भाईंना पहिल्या ओळीलाच ते कळलं. त्यांनी डबी तिच्या हातात दिली, कोणतं बटण दाबलं की पुढची ओळ येते ते दाखवलं आणि स्वतः माडाकडे तोंड करून उभे राहिले. ती सावकाश वाचणारी. भाई मधून मधून विचारत, "जालें?" ती म्हणे, "ना." त्या माडाला नारळ किती हे पंचक्रोशीत फक्त भाईंना ठाऊक होतं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भला माणूस, सुखी माणूस. भला होताच. पण या सगळ्या टपालात भाईंच्या स्वतःच्या नावाची एक मेल नव्हती. आणि ती कोणाची यायला हवी होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

भाईंना एक बहीण, शालू. बारा वर्षांनी धाकटी. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. भाईंनी तिची वेणी घातली, तिला शाळेत पोचवलं, तिच्यासाठी रांधलं. अर्ज आला नाही वगैरे ठीक, पण लग्न का राहिलं हे मी शेजारी असल्यामुळे मला माहीत आहे. ती शिकली, हरमलला एका हॉटेलात हिशेबनीस म्हणून लागली आणि तिथे आग्नेल नावाच्या मुलाशी तिचं जुळलं. घरचे लोक पाहुण्यांना खोल्या देणारे, सरळ, कष्टाळू. पण ख्रिस्ती. भाई लग्नाच्या नोंदणीला गेले नाहीत. आग्नेलचं इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा शालू निरोप घ्यायला आली. मी गडग्याच्या अलीकडे होतो. भाई उंबऱ्यावरूनच म्हणाले, "वता जाल्यार वच. पूण पत्र घालूं नाका."

त्याला सात वर्षं झाली होती. शालूने पत्र घातलं नाही.

एकदा सड्यावरून परतताना भाई आपणहून बोलले. "मास्तर, जगाक हांव पोच दितां. आनी घरच्या एका माणसाक सांगलें, पत्र घालूं नाका म्हूण. ल्हानपणार सांगिल्लें एक आयकना आसली. नेमकें हेंच आयकलें गो बायेन."

मी म्हटलं, "मग तुम्हीच लिहा."

"पत्तो खंय आसा?"

"हरमलला आग्नेलच्या आईला विचारा."

"हांवें विचारूं? खंयच्या तोंडान?"

 मला राग आला होता, त्यांचा आणि थोडा माझाही. इतकी वर्षं शेजारी राहून मीही कधी हरमलला जाऊन पत्ता आणला नव्हता.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी भाई सड्यावरून आले ते गोंधळलेले. मेल आली होती, पण विषयात घराचं नाव नव्हतं. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा परदेशी शाळेच्या स्वयंपाकघराचं नाव. विषयात एकच शब्द, 'तवसळी'.

तवसळी म्हणजे आमच्याकडचा काकडीचा गोड केक म्हणा हवं तर. पिकलेलं मोठं तवसं किसायचं, त्यात रवा, गूळ, खोबरं घालायचं आणि खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. प्रत्येक घराची वेगळी आणि प्रत्येक घराच्या मते आपलीच खरी. भाई ती न उघडलेली मेल घेऊन दारोदार निघाले, "तवसळी कोणाची?" म्हणत. आणि काय सांगू, सगळ्या गावाने मेलवर हक्क सांगितला.

शेवंतीकाकी म्हणाल्या, "म्हजीच ती. बोटीर कप्तानाक विश्वासान म्हज्या तवसळीचें सांगलें आसतलें."

पंचाची बायको सुनंदा म्हणाली, "शेवंतीकाकीची तवसळी? ती तर वीट! घर बांदतात तसली! उगडा भाई, माकाच विचारलां."

भाई बधले नाहीत. खात्री नाही तर उघडायची नाही. अकरा घरं फिरले. दोन घरांत बोलणं बंद झालं ते पुढे शिगम्यापर्यंत बंद होतं. शेवटी ते माझ्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, हें पत्र परत धाडचें पडटलें. धनी मेळना."

का कोण जाणे, मला तेव्हा एक वास आठवला. गडग्यावरून यायचा. शालू लहान असताना, तिचा वाढदिवस असला की भाई अंगणात तीन दगड मांडून निखाऱ्यांवर टोप ठेवायचे आणि डोळे चोळत झाकणावरचे निखारे सारखे करायचे.

"भाई," मी म्हटलं, "बारा नंबरचं घर राहिलं."

"खंयचें?"

"तुमचं."

भाई हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी डबी माझ्या हातात दिली आणि अंगणाकडे तोंड करून बसले. "तुमीच वाचात," म्हणाले. हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते.

मी वाचलं. रोमन अक्षरांत लिहिलेलं होतं, त्यामुळे अडखळत वाचलं.

'दादा, तुवें पत्र घालूं नाका म्हणिल्लें. हें पत्र न्हय, मेल. पत्तो हांगा गोंयच्या सगळ्यांकडे आसा. हांव एका इस्कोलाच्या रांदचे कुडींत काम करतां. म्हजें चेडूं आना, स वर्सांचें. ताका हांव मामाच्या तवसळेचें सांगतां. हांगा तवसें मेळना, बारीक काकडी मेळटा. तीन फावटीं केली, तीनूय फावटीं पीठ जालें. आना म्हणटा, मामा फटोवपी. दादा, गूळ कितलो आनी रवो कितलो, इतलेंच सांग.'

 भाई म्हणाले, "परत वाचात." मी परत वाचलं. "फटोवपी म्हणटा माका, लबाड!" ते म्हणाले, आणि हसायला गेले आणि रडले. सरळ रडले, खांद्यावरच्या पंच्यात तोंड घालून. मीही काही कोरडा राहिलो नाही, खोटं कशाला बोलू?

डोळे पुसल्यावर त्यांच्यातला कारकून जागा झाला. एका मिनिटात पोच द्यायची ती आता एक तास झाला तरी गेली नव्हती. "लिहा," म्हणाले. "गूळ एक करटी. रवो दोन करटी."

"कसली करटी? तिला काय कळणार?"

ते घरात गेले आणि नारळाची एक करटी, म्हणजे करवंटी, घेऊन आले. हात लागून लागून काळी गुळगुळीत झालेली, आईच्या वेळची. एका बाजूला काठ कुठेतरी आपटून थोडा उडालेला. "हय पळय. गूळ ह्या फुटिल्ल्या काठाक लागसर. रवो वयल्या काठाक लागसर. हातूंत सगळें आसा."

मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणतो म्हणालो. करटीत पाणी भरू, मिलिलिटरमध्ये कळवू. भाईंना ते मुळीच पटलं नाही. "मास्तर, गूळ मिलिलिटरांनी कोण मोजता? दवाखान्यांतलें वखद तें?" तरी आम्ही दुसऱ्या दिवशी कप घेतले, चमचे घेतले, वाट्या घेतल्या. मी सांगे, पावणेदोन कप. भाई चिमूट घालून बघत आणि मान हलवत. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांनी सड्यावर जाऊन उत्तर पाठवलं. मी शेजारच्या खडकावर बसून ते वाचलं. पहिल्या तीन ओळींत शालूला आणि आग्नेलला आशीर्वाद होते, मग 'चूक माझी होती', आणि शेवटी कचेरीच्या वळणाने, 'माप वेगळ्या टपालाने पाठवीत आहे.'

"वेगळ्या टपालाने म्हणजे?"

"करटी धाडटां."

"भाई, ती धाडली तर मग तुम्हाला?"

"माका कोणाक करूंक जाय? खावपी थंय आसात."

पत्ता मेलमध्ये मागता आला असता. शालूने मिनिटात कळवला असता. पण भाईंनी रविवारी धुतलेला सदरा घातला आणि मला मागे बसवून स्कूटर हरमलला घातली. आग्नेलच्या आईच्या घरासमोर गाडी लावली आणि सदऱ्याची बटणं पुन्हा एकदा तपासली. म्हातारी माशांची जाळी पसरत होती. तिने भाईंना आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "बरोच वेळ लायलो रे तुवें." मग आत जाऊन तिने चहा आणि पोय, आमच्याकडचा कोंड्याचा पाव, आणली, आणि आम्ही खात असताना एका कागदावर नातीच्या घरचा पत्ता उतरवून दिला. आनाचा फोटोही दाखवला. भाईंनी तो हातात धरून ठेवला, चहा थंड झाला.

सोमवारी सकाळी भाईंनी रजा टाकली. कंपनीत पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, असं ते म्हणाले. करटी जुन्या पंच्यात गुंडाळली, वर मांजरपाट शिवला आणि आम्ही पेडण्याच्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पार्सल हातात घेऊन हलवलं.

"भितर कितें आसा?"

"करटी."

"करटेंत कितें?"

"कांय ना. रिती."

बाईंनी चष्मा वर केला. "इंग्लंडाक रिती करटी?"

"हय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मास्तर आहे, मी शहाणा असेन, अशी त्यांची समजूत असावी. मी मान डोलावली. त्यांनी मुकाट्याने एक फॉर्म पुढे सरकवला.

भाईंनी खिशातून पेन काढलं. पार्सल कोणाला, त्या जागी त्यांनी शालूचं नाव लिहिलं नाही. सुवाच्य अक्षरात, एकेक वळण सावकाश घेत लिहिलं, कुमारी आना आग्नेल फर्नांडिस. ते आडनाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा मनात वाचलं, ओठ हलताना दिसले.

मग खालची चौकट आली, पाठवणारा. तिथे त्यांनी फक्त एक शब्द लिहिला, 'मामा'.

"अशें चलना हां," बाई म्हणाल्या. "पुराय नांव जाय."

भाईंनी फॉर्म परत ओढून घेतला. त्या शब्दाखाली उरलेल्या चिमूटभर जागेत बारीक अक्षरात पूर्ण नाव, गाव, तालुका, सगळं बसवलं. वरचा शब्द खोडला नाही.